काना दोन दिसतो : खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या नोंदी

१५ जून, शनिवार

शनिवारची शाळा सकाळची. साडेअकराची घंटा झाली की कोपऱ्यातला आठवीचा वर्ग मला मिळणार, असं हेडमास्तरांशी ठरलंय. बेळगावहून सातची बस धरली, त्यामुळे शाळा सुटायच्या आधी शिक्षकांशी निवांत बोलता आलं.

हेडमास्तर म्हणाले, "तपासणी गेल्या वर्षीच झाली की मॅडम. ज्यांना नंबर निघाला त्यांना चष्मेही मिळालेत." खरं आहे ते. पण ती तपासणी सहा मीटरवरच्या तक्त्यावर झाली. शेवटची ओळ वाचली की ६/६, आणि ६/६ म्हणजे डोळे उत्तम, असं सगळेच धरून चालतात. मी ज्यांच्यासाठी आले ती मुलं तक्ता धडाधड वाचतात. त्यांची अडचण हातात पुस्तक घेतलं की सुरू होते. अशी मुलं हुडकायची आणि लागेल त्यांना डोळ्यांचे व्यायाम द्यायचे, हे माझं काम.

म्हणून तक्ता लावायच्या आधी मराठीच्या टीचरांकडे यादी मागितली. वाचायला उभं केलं की डोळे चोळणारी मुलं, ओळीखाली बोट धरल्याशिवाय न वाचणारी, एकच ओळ दोनदा वाचणारी, एका डोळ्यावर हात ठेवून वाचणारी. आठवी ते दहावीतली चौदा नावं मिळाली. त्यातल्या दोन नावांपुढे त्यांनी "आळशी" असं लिहून मग ते खोडलं होतं.

पेन्सिलीच्या टोकाशी बारीक अक्षराची चिठ्ठी चिकटवायची आणि ती मुलाच्या नाकाकडे हळूहळू आणायची. वस्तू जवळ येईल तसे दोन्ही डोळे आत वळायला हवेत. याला अभिसरण म्हणतात. पेन्सिल दोन दिसायला लागली किंवा एक डोळा बाहेर निसटला, की तिथंच थांबून फूटपट्टीने अंतर मोजायचं. सहा सेंटिमीटरपर्यंत पोचलं तर ठीक.

नववीतल्या मुलीचा (नोंदवहीत क्र. ३) उजवा डोळा १७ सेंटिमीटरवर निसटला. "दोन दिसतात काय गं?" असं विचारलं तर म्हणाली, "नाही टीचर, एकच." पुन्हा केलं, पुन्हा १७ वर डोळा बाहेर, आणि उत्तर तेच. निसटलेल्या डोळ्याला काय दिसतं तिकडे मेंदू लक्षच देईनासा होतो, म्हणून मुलाच्या तोंडच्या उत्तरावर विसंबून चालत नाही. नजर त्याच्या डोळ्यांवरच ठेवावी लागते.

आज नऊच मुलं झाली. उरलेली पुढच्या खेपेस.

२२ जून, शनिवार

चौदा पूर्ण झाली. दोघांचं सगळं व्यवस्थित निघालं. उरलेल्या बारा जणांना व्यायाम द्यायच्या आधी एक पायरी गाळता येत नाही, ती म्हणजे औषधाचे थेंब घालून नंबर काढणं. लहान वयात डोळ्याच्या भिंगाला इतका जोर असतो की प्लस नंबर ते आतल्या आत झाकून टाकतं. थेंबांनी भिंगाभोवतीचा स्नायू काही वेळ सैल पडतो आणि खरा नंबर बाहेर येतो. थेंब डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घालायचे, तेव्हा पुढच्या आठवड्यात चार-चार मुलांना पालकांसोबत बेळगावला बोलावलंय. थेंबांनंतर दिवसभर जवळचं धूसर दिसतं आणि उन्हाचा त्रास होतो. वर्गशिक्षकांना तशी चिठ्ठी दिली, नाहीतर गृहपाठ केला नाही म्हणून मुलं बोलणी खातील.

प्रश्नावलीही भरून घेतली. जगभर या तक्रारीसाठी पंधरा प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, बेरीज १६ किंवा जास्त आली तर मुलाला त्रास आहे असं धरायचं. इंग्रजीतली ती मराठीत आणताना पुस्तकी शब्द कामाला आले नाहीत. "डोळ्यांवर ताण जाणवतो का?" याला सगळ्यांचं उत्तर "नाही". "डोळं वडल्यागत होतात काय?" म्हटल्यावर सहा हात वर आले. "डोकेदुखी"पेक्षा "कपाळ धरतं" लवकर कळतं. क्र. ३ ची बेरीज ३१.

एका वडिलांनी फोनवरचा व्हिडिओ दाखवला. डोळे गोल फिरवा, तळवे चोळून डोळ्यांवर ठेवा, महिन्यात चष्मा फेकून द्या. त्यांच्या मुलाला मायनस दोनचा नंबर आहे. मायनस नंबरमध्ये बहुतेकदा डोळ्याचा गोलच मागे लांबलेला असतो, आणि तो एक मिलिमीटर लांबला तर नंबर साधारण अडीच ते तीनने बदलतो. स्नायूंच्या व्यायामाने तो गोल आखूड होत नाही. वडिलांना हे फळ्यावर काढून दाखवलं. आमचे व्यायाम ज्या मुलांचे डोळे जवळच्या कामासाठी नीट जुळत नाहीत किंवा ज्यांचं भिंग जवळ-लांब करताना अडखळतं त्यांच्यासाठी आहेत. चष्मा काढायला लावणारं इथं काही नाही. ते ऐकून थोडे हिरमुसले, पण मुलाचा चष्मा चालू ठेवतो म्हणाले.

२९ जून, शनिवार

ही नोंद लांबणार आहे.

थेंबांच्या तपासणीत आठवीतल्या एका मुलाला (क्र. ११) लपलेला प्लस अडीचचा नंबर निघाला. त्याचं रोज दुपारी कपाळ धरायचं ते यामुळेच. त्याला चष्मा दिला आणि व्यायामाच्या यादीतून नाव काढलं. ही तपासणी न करता त्याच्या हातात पेन्सिल दिली असती, तर पोराने तीन महिने उगाच डोळे शिणवले असते.

आता क्र. ३ बद्दल. टीचरांनी तिच्या दोन वह्या आणून दिल्या. फळ्यावरून उतरवलेल्या मजकुरात चुका जवळजवळ नाहीत. पुस्तकातून उतरवलेल्या मजकुरात लाल शाईची वर्तुळंच वर्तुळं, आणि त्यातली बहुतेक एकाच जातीची. "मन"चं "मान", "पर"चं "पार", "नव"चं "नाव". टीचर म्हणाल्या, "शुद्धलेखन कच्चं आहे तिचं." कच्चं असतं तर फळ्यावरून उतरवतानाही कच्चंच राहिलं असतं.

मी तिला बाजूला बसवून हळू विचारलं, पुस्तकातलं अक्षर कसं दिसतं ते मला काढून दाखव. तिने "प" काढला आणि त्याच्या दांडीला लागून दुसरी, जरा पुसट दांडी काढली. "टीचर, हे असं काना दोन होतंय. मग एक जातंय. मग परत येतंय."

पेन्सिल दोन दिसत नाहीत म्हणणाऱ्या मुलीने अक्षराचं दोन होणं बरोबर दाखवलं. "दोन दिसतं का" हा प्रश्न तिच्या कामाचा नव्हता, "अक्षर काढून दाखव" हा होता.

मग मी विचारलं, वरची रेघ? म्हणाली, "ती एकच आहे." हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. डोळे बाहेर निसटतात तेव्हा दुसरी प्रतिमा आडवी सरकते. उभ्या दांड्या शेजारी-शेजारी दोन होतात. शिरोरेघ आडवीच असल्यामुळे ती आपल्याच अंगावर सरकते आणि एकच राहते. म्हणजे काना दोन आणि शिरोरेघ एक असेल, तर बिघाड आडव्या जुळणीतला. शिरोरेघच दोन दिसू लागली, तर एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर किंवा खाली आहे, आणि ते प्रकरण वेगळं. त्यात पेन्सिलीचं काम नाही, डॉक्टरांकडे पाठवायचं. इंग्रजी तक्त्यावर शिकलेल्या मला इतकी वर्षं हे सुचलं नव्हतं.

आमची मुलं तीन लिप्या वाचतात. कन्नड पुस्तकाबद्दलही तिला विचारलं. तिथं अक्षरं गोलाकार आणि सलग शिरोरेघ नाही. ती म्हणाली, "कन्नडात एकात एक घुसतात."

रात्री घरी बसून जवळचं वाचायचं कार्ड मराठीत तयार केलं. बाजारात मिळतात ती इंग्रजी कार्डं. मुलं त्यावर स्पेलिंग आठवत बसतात आणि डोळ्याचं मोजमाप बाजूलाच राहतं. माझ्या कार्डावर दांडीची अक्षरं भरपूर घेतली: मन, मान, पर, पार, नव, नाव, पण, पाणी, मामा, लपव. शब्द ओळीत उलटसुलट टाकले, म्हणजे अंदाजाने वाचता येणार नाही.

६ जुलै, शनिवार

क्र. ८ आठवीत. नवीन कार्ड हातात दिलं आणि विचारलं, काय दोन होतंय? "वरची रेघ." मुलगा बोलतानाही मान डाव्या खांद्याकडे कलती ठेवतो. त्याच्या आईला विचारलं, लहानपणापासून असा बसतो का? तिला आठवेना. फोनमध्ये जत्रेतला एक जुना फोटो सापडला, मूल चारेक वर्षांचं, पाळण्यात बसलेलं, मान तशीच डावीकडे. मान कलती करून तो इतकी वर्षं दोन प्रतिमा जुळवत आलाय. हे जुनं दुखणं असल्याचा तो फोटो चांगला पुरावा. आजच चिठ्ठी देऊन डॉक्टरांकडे पाठवलं. शिक्षकांना सांगितलं, त्याला "मान सरळ कर" म्हणू नका.

उरली दहा मुलं. आजपासून बारा आठवडे.

बाराच का, आणि मी दर शनिवारी का यायचं, हे पालकांना सांगावं लागलं. अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर केलेली एक मोठी चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यात बारा आठवडे चार गट होते. एका गटाला आठवड्यातून एक तास तज्ज्ञासमोर व्यायाम आणि वर घरचा सराव. त्यातली ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसता पेन्सिलीचा व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के, घरी कॉम्प्युटर आणि पेन्सिल दोन्ही करणाऱ्यांत ३३. आणि ज्यांना समोर बसवून खोटाच व्यायाम दिला होता त्यांच्यात ३५. म्हणजे पेन्सिल हातात देऊन "रोज करत जा" म्हणणं आणि खोटाच व्यायाम देणं यात फार अंतर नाही. कुणीतरी समोर बसून बघायला हवं. मोठ्या दवाखान्यातली यंत्रं माझ्याकडे नाहीत, पण समोर बसणं माझ्या हातात आहे.

दोरी आणि मण्यांचा व्यायाम आज शिकवला. फ्रेडरिक ब्रॉक नावाच्या दृष्टितज्ज्ञाची ही युक्ती, त्यांच्याच नावाने ओळखतात. तीन मीटर पांढरी सुती दोरी आणि त्यात ओवलेले तीन रंगांचे मणी, एवढंच सामान. मणी आठवडी बाजारात बैलांचा साज विकणाऱ्याकडे मिळाले, लाल, पिवळा, हिरवा. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं मुलाने नाकाच्या शेंड्याला लावून ताणून धरायचं. लाल मणी ४० सेंटिमीटरवर, पिवळा सव्वा मीटरवर, हिरवा पार खिडकीकडे.

पिवळ्या मण्याकडे बघितलं की दोरी एक राहत नाही. दोन दोऱ्या दिसतात, आणि दोन्ही डोळे नीट जुळले असतील तर त्या बरोबर पिवळ्या मण्यात एकमेकींना छेदतात. लाल मणी तेव्हा दोन दिसतो, हिरवाही दोन. हे व्हायलाच हवं. मुलांना आधी वाटतं काहीतरी बिघडलं. मग नजर लाल मण्यावर आणायची. फुली आता लाल मण्यात यायला हवी. ती मण्याच्या पलीकडे पडली, तर डोळे पुरेसे आत वळलेले नाहीत. दोरी एकच दिसली, तर एका डोळ्याने रजा घेतलीय.

क्र. ३ ला पिवळ्यावर फुली दिसली. लालवर दोरी एकच. मी तिच्या उजव्या डोळ्यासमोर बोट हलवलं, डोळा मिचकवायला लावला, लाल मणी हळूहळू ६० सेंटिमीटरपर्यंत मागे नेला. तिथं एकदम ओरडली, "आली, दुसरी आली!" मग मणी एकेक बोट पुढे. ५० पर्यंत टिकली आणि तिथून गेली. आजचं काम एवढंच.

घरी रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस.

१३ जुलै, शनिवार

दहातली सहाच आली. रोप लावणीचे दिवस आहेत, घरोघरी चिखलात माणसं हवीत. त्यावर रागावण्यात अर्थ नाही.

कौलारू वर्ग, बाहेर काळोखून आलेलं, त्यात करंट गेलेला. अंधारात मण्यांचे रंग ओळखू येईनात. व्हरांड्यात आलो आणि दोरी खांबाला बांधली. पन्हाळीच्या पाण्याच्या आवाजात मुलांना ओरडून सांगावं लागलं, पण उजेड चांगला मिळाला.

क्र. ३ ची आज्जी सोबत आली होती. लिहिता-वाचता येत नाही. तिला विचारलं, आज्जी, घरी नातीसमोर बसाल काय? "बसंन की. काय बघायचं सांगा." मी तिला पेन्सिल धरायला दिली आणि सांगितलं, अक्षर-बिक्षर काही बघू नका, पोरीचा उजवा डोळा बघा. तिसऱ्या वेळी माझ्या आधी तीच म्हणाली, "गेला बघा भायेर." बरोबर १५ सेंटिमीटरवर.

२० जुलै आणि २७ जुलै

पावसामुळे शाळेला सुट्टी, दोन्ही शनिवार. ओढ्याला पाणी, बस पुढे जात नाही. फोनवर चौघांशी बोलले.

३ ऑगस्ट, शनिवार

तीन आठवड्यांनी सगळी एकत्र. मन खट्टू झालं, लिहून ठेवते.

सराव-वहीत रोजच्या खुणा होत्या, पण तिघांच्या वहीतल्या सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या. त्यांना रागावले नाही. कसं करता ते करून दाखवा म्हटलं. दोघं पेन्सिल सरळ नाकाकडे झपकन नेत होते. डोळ्यांना वळायला वेळच नाही. तिसरा पेन्सिलीकडे न बघता तिच्या पलीकडच्या कॅलेंडरकडे बघत होता. चूक त्यांची नव्हे. एकटं बसून हे नीट होत नाही, हे मीच सहा जुलैला पालकांना सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची आहे. १५ जूनला मी फूटपट्टीचा शून्य मुलांच्या नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मध्ये टेकवला होता. १३ जुलैला घाईत दोन मुलांना तो नाकाच्या हाडावर, खाली आणि पुढे टेकवला. त्यामुळे अंतर दीड-दोन सेंटिमीटरने कमी भरलं, आणि त्या दोन मुलांना मी "सुधारलं बघ" म्हणून शाबासकी दिली. आज नीट मोजलं तर जसंच्या तसं आहे. दोघांनाही समोर बसवून सांगितलं, मागच्या वेळी मी चुकीचं मोजलं होतं. एकाचा चेहरा पडला. वहीत तो आकडा लाल शाईने खोडला आणि फूटपट्टीच्या शून्याला आता रबराचा तुकडा चिकटवलाय, तो भुवयांच्या मध्येच बसतो.

क्र. ५ म्हणाली, व्यायामानंतर भुवयांच्या वर दुखतं. सुरुवातीच्या आठवड्यांत असं होतं, पाच-पाच मिनिटांचे तीन भाग करायला सांगितलं. पण खोदून विचारलं: सकाळी उठल्याउठल्या दुखतं का, उलटी होते का, दोन दिसणं अचानक सुरू झालं का, पापणी खाली येते का? यातलं एकही "हो" आलं असतं तर व्यायाम तिथंच बंद करून लगेच डॉक्टर. सगळ्याला "नाही" आलं.

ठरवलं ते असं: प्रत्येक मुलामागे घरचं एक माणूस हवंच. आई, आज्जी, थोरला भाऊ, कुणीही. वाचता येण्याची अट नाही. क्र. ३ च्या आज्जीला पुढच्या शनिवारी बाकीच्यांना दाखवायला बोलावलंय.

१० ऑगस्ट, शनिवार

आज्जी आली, नऊवारीचा पदर खोचून बाकावर बसली आणि चार आयांना पेन्सिल कशी धरायची ते दाखवलं. "हळू. साप जातो तसं हळू." मला इतक्या दिवसांत इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

दहावीतला मुलगा, क्र. ६. त्याचे डोळे आत नीट वळतात. बिघाड भिंगात आहे. दहावीच्या विज्ञानात समायोजन शक्तीचा भाग आहेच, त्यामुळे त्याला समजवायला सोपं गेलं. जवळचं बघताना भिंगाभोवतीचा स्नायू आकसतो, भिंगाला धरून ठेवणारे बारीक तंतू सैल होतात आणि भिंग फुगीर होतं. ही ताकद डायऑप्टरमध्ये मोजतात: अक्षर जितक्या जवळ स्पष्ट राहतं त्या सेंटिमीटरांनी १०० ला भागायचं. वयानुसार किमान किती हवी त्याचं सोपं सूत्र हॉफस्टेटर यांच्या नावाने आहे: १५ मधून वयाचा पाव भाग वजा करायचा. हा १५ वर्षांचा, म्हणजे किमान ११.२५. म्हणजे साधारण नऊ सेंटिमीटरपर्यंत अक्षर स्पष्ट राहायला हवं. याला १६ सेंटिमीटरवरच धूसर होतं, म्हणजे ताकद ६.२५. गणित त्यानेच फळ्यावर सोडवलं, १०० भागिले १६. मग वळून म्हणाला, "म्हणजे मी खोटं बोलूलालो नव्हतो." कुणी त्याला खोटारडा म्हटलं होतं ते मी विचारलं नाही.

त्याला फिरकीच्या भिंगांचा सराव. एका दांडीवर वर प्लस दोनची भिंगं, खाली मायनस दोनची. ४० सेंटिमीटरवरची ओळ प्लसमधून स्पष्ट झाली की उलटवायचं, मायनसमधून स्पष्ट झाली की परत उलटवायचं. या वयाच्या मुलाला एका डोळ्याने मिनिटाला अकराच्या आसपास फेरे जमावेत. क्र. ६ प्लसमधून लगेच वाचतो, मायनस लावलं की ओळ उघडायला सात-आठ सेकंद घेतो. मिनिटाला तीनच फेरे. घरी देण्याइतक्या फिरक्या माझ्याकडे नाहीत, तेव्हा घरी जवळ-लांबचा सराव: एक डोळा झाकून हातातल्या पुस्तकातली एक ओळ, मग समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख, स्पष्ट दिसल्याशिवाय नजर हलवायची नाही. डॉक्टरांनी त्याला वाचनापुरता हलका प्लस चष्माही दिलाय. व्यायाम आणि चष्मा दोन्ही एकत्र चालतील.

२४ ऑगस्ट, शनिवार

१७ तारखेचा शनिवार नेहमीप्रमाणे पार पडला, वेगळं लिहिण्यासारखं नाही.

आज शिक्षकांची बैठक. मोठ्या मुलांत इतकी निघतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. मी तमिळनाडूतल्या पाहणीचं सांगितलं, २०१७ साली प्रसिद्ध झालेली, ७ ते १७ वयाची ९२० मुलं. दोन्ही डोळ्यांच्या जुळणीत काही ना काही बिघाड शहरातल्या ३१.५ टक्के आणि खेड्यातल्या २९.६ टक्के मुलांत निघाला. शहरात जास्त आणि खेड्यात नगण्य, असं काही नाही. मोबाइलमुळे होतं का, असं सरांनी विचारलं. मोबाइल जवळ धरला की त्रास उघडा पडतो, पण या मुलांपैकी तिघांच्या घरी स्मार्टफोन नाही.

मग सगळ्यांच्या मनातला प्रश्न: एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, मार्क वाढतील काय? याचं उत्तर गोड करून सांगायचं नाही, असं मी बसमध्येच ठरवलं होतं. २०१९ साली त्याच अमेरिकेतल्या संशोधकांची दुसरी चाचणी आली, ३११ मुलं, वय ९ ते १४. व्यायामाने डोळे जुळले, पण वाचून समजण्याच्या परीक्षेत ही मुलं खोटा व्यायाम केलेल्या मुलांच्या पुढे गेली नाहीत. तेव्हा मार्कांचं वचन मी देणार नाही. वाचताना कपाळ धरू नये, काना एक दिसावा, पुस्तक नकोसं वाटू नये, एवढ्यासाठीच आपण हे करतोय. पुढचं वाचन शाळेनं शिकवायचं. हेडमास्तर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तेवढं झालं तरी पोरं पुस्तक उघडतील की."

शाळेकडून तीन गोष्टी मागितल्या आणि मिळाल्या. या मुलांना मोठ्याने वाचायला अचानक उभं करायचं नाही. पुस्तकातून उतरवताना झालेल्या कान्याच्या चुकांना सध्या मार्क कापायचे नाहीत. आणि वीस मिनिटं वाचन झालं की मिनिटभर खिडकीतून लांबचा डोंगर बघू द्यायचा.

क्र. ८ च्या आईचा फोन आला. डॉक्टर म्हणाले जन्मापासूनचंच आहे. प्रिझमचा, म्हणजे प्रतिमा सरकवून जुळवणारा, चष्मा करून बघायचा, नाही जमलं तर ऑपरेशनचा विचार.

१४ सप्टेंबर, शनिवार

७ तारखेला चवथ, गावात कुणी भेटणं शक्यच नव्हतं. आज घरोघरी गणपती अजून बसलेले, तरी आठ मुलं आली. एका आईने पानात गुंडाळून मोदक आणले.

दहातल्या एकाने मध्येच सोडलं. वडिलांसोबत गोव्याला कामाला गेला. नववीतला होता. फोन लागत नाही. त्याची दोरी माझ्याकडेच आहे.

क्र. ३ आता दोरीवर लाल मणी १५ सेंटिमीटरवर असतानाही फुली धरून ठेवते. आज तिला नजर लाल-पिवळा-हिरवा अशी उडवायला लावली, प्रत्येक मण्यावर फुली आल्याशिवाय पुढे जायचं नाही. हिरव्यावरून लालवर येताना अडखळते. लांबून जवळ, हाच तिचा अवघड रस्ता.

२८ सप्टेंबर, शनिवार

बारा आठवडे पूर्ण. त्यातले दोन पावसाने आणि एक चवथीने खाल्लेले. रबर लावलेल्या फूटपट्टीने सगळ्यांचं मोजलं, प्रत्येकाचं तीनदा, आणि तिसरा आकडा धरला.

क्र. ३ चे १७ चे ७ सेंटिमीटर झाले, प्रश्नावलीची बेरीज ३१ वरून १४. सहाच्या आत यायला थोडं बाकी आहे, पण बेरीज १६ च्या खाली आली. क्र. ५ ची सुधारणा बरी, ११ वरून ६. क्र. ६ चे फेरे तीनावरून आठावर गेले. चष्मा घातल्यावर रात्रीही वाचतो म्हणाला. ज्या दोघांना मी चुकीची शाबासकी दिली होती त्यातला एक खरंच सुधारला, दुसऱ्यात फारसा फरक नाही. त्याच्या घरी समोर बसायला कुणी नाही. आई-वडील दोघंही पहाटे वीटभट्टीवर जातात. त्याच्यासाठी रोज मधल्या सुट्टीत मराठीच्या टीचर दहा मिनिटं बसणार आहेत. त्यांनी स्वतःहून सांगितलं. बाकी चौघांची सुधारणा थोडीथोडी आहे, अजून आठ आठवडे हवेत.

क्र. ३ ची पुस्तकातून उतरवलेली वही मागवून बघितली. एका पानावर दोन वर्तुळं, दोन्ही वेलांटीची. कान्याची एकही नाही. तिला म्हटलं, वेलांटीचं मी काही करू शकत नाही, ते टीचरांकडून शिक. ती हसली.

पुढची कामं. सुधारलेल्यांनी आता आठवड्यातून दोनदाच सराव करायचा, सोडायचा नाही, सोडला तर काहींचा त्रास परत येतो. जानेवारीत एसएसएलसीच्या तयारीआधी सगळ्यांना पुन्हा मोजायचं. कान्याचं कार्ड शाळेत लॅमिनेट करून ठेवायचं, शिरोरेघ दोन दिसते म्हणणारं मूल आलं तर लगेच मला कळवायचं, हे त्यावर मागच्या बाजूला लिहायचं.

दोरी आज्जीकडेच ठेवली. वाड्यावरच्या आणखी एका पोरीचा डोळा "भायेर जातोय" असं तिचं म्हणणं आहे, वय सात. पुढच्या शनिवारी तिला बघायचं. हिरवा मणी फुटलाय, येताना दुसरा न्यायचा.